हवेतच तोललेली हवा

प्रश्न : मी इंदूरच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वायूंची घनता मुलांनी स्वतः मोजावी म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. रिकामा फुगा २.८४ ग्रॅम भरला, पंपाने फुगवल्यावर २.९५. फुग्याचा व्यास १८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३ लिटर हवा. भागाकार केला तर लिटरला ०.०४ ग्रॅमसुद्धा येत नाही. पुस्तकात हवेची घनता लिटरला १.२९ ग्रॅम दिली आहे. एका मुलाने कोष्टक बघून विचारलं, हायड्रोजनसुद्धा ०.०९ आहे, मग आपली हवा हायड्रोजनपेक्षा हलकी कशी? काटा बिघडलाय असं सांगून मी वेळ मारून नेली, पण ते मनाला लागून राहिलं आहे. चुकलं कुठे? आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो हे नुसती मेणबत्ती विझवून न दाखवता आकड्यात कसं दाखवू?
– एक शिक्षिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काटा बिघडलेला नाही. उद्या वर्गात गेल्याबरोबर आधी हे सांगा आणि कोष्टक उघडणाऱ्या त्या मुलाला शाबासकी द्या. आलेलं उत्तर जगातल्या दुसऱ्या आकड्याशी ताडून बघायचं त्याला न सांगता सुचलं.

मीसुद्धा इथेच अडखळले होते. इंदूरच्याच एका शाळेत मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पहिली दहाएक वर्षं मी फूटपट्टीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधायचे, एक फोडायचे, पट्टी दुसऱ्या बाजूला कलली की म्हणायचे, "बघा, हवेला वजन असतं." पट्टी कलते, मुलं टाळ्या वाजवतात, पुढे कुणी काही विचारत नाही. एका वर्षी काटा मिळाला, आकडा घेतला, आणि तुमच्यासारखंच झालं. दोन दिवस मी गणित तपासत होते. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला : "मॅडम, हौदात हात बुडवून पाण्यातच पिशवी भरली, तर ती जड लागेल का?"

नाही लागणार. पिशवीतलं पाणी खाली ओढतं आणि त्याने बाजूला सारलेलं तेवढंच पाणी वर ढकलतं. पिशवी बाहेर काढली की हाताला ओझं कळतं. आपण हवेच्या हौदाच्या तळाशी बसलो आहोत आणि आपला काटाही तिथेच ठेवलेला आहे. फुग्यात ३ लिटर हवा भरली, म्हणजे सुमारे ३.३ ग्रॅम वजन वाढलं. त्याच वेळी फुग्याने बाहेरची ३ लिटर हवा सारली, म्हणून ३.३ ग्रॅम इतकंच प्लावक बल, म्हणजे वर ढकलणारं बल, मिळालं. जमाखर्च सारखा. आर्किमिडीजचं तत्त्व मुलं पाण्यासाठी पाठ करतात, हवेसाठी ते तितकंच खरं आहे हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं.

मग ते ०.११ ग्रॅम कुठून आले? मला तर हा तुमच्या प्रयोगातला सगळ्यात सुंदर आकडा वाटतो. फुग्याचं रबर आवळत असतं, म्हणून आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा थोडी जास्त दाबलेली असते. ०.११ ला ३.३ ने भागा, ३ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे तुम्ही हवेची घनता मोजलीच नाही, रबराचा ताण मोजलात, आणि चांगला मोजलात. खात्री हवी असेल तर पातळ प्लास्टिकची पिशवी चपटी करून तोला, मग तीत हवा सैल भरून, तोंड बंद करून पुन्हा तोला. सैल पिशवी हवेला दाबत नाही. आकडा हलणार नाही. मुलांना हे आधी ओळखायला सांगा, वहीत लिहून घ्या, आणि मगच तोला.

आता पुस्तकातल्या १.२९ बद्दल. तो आकडा शून्य अंश तापमानाचा आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब १०१.३ ऐवजी ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि वर्गात २७ अंश तापमान धरलं तर आपल्या हवेची घनता लिटरला १.१० ग्रॅम येते. फळ्यावर १.१० लिहा. नाहीतर नीट प्रयोग करणाऱ्या मुलांना आपण चुकलो असं वाटत राहतं, आणि ते मला फार अन्यायाचं वाटतं.

हवेची घनता मोजायची तर भांडं असं हवं की हवा आत-बाहेर झाली तरी त्याचं आकारमान बदलू नये. मग प्लावक बल दोन्ही वेळा तेवढंच राहतं आणि वजाबाकीत निघून जातं. कोल्डड्रिंकची २ लिटरची बाटली घ्या. पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व आणा, झाकणाला भोक पाडून घट्ट बसवून घ्या. सायकलच्या पंपाने २० पीएसआयपर्यंत (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरा. या बाटल्या गॅसच्या दाबासाठीच बनवलेल्या असतात, पण चरा पडलेली किंवा उन्हात तापलेली बाटली वापरू नका, आणि मुलांना चष्मे द्या. भरलेली बाटली तोला. मग जुन्या पंपाची नळी कापून व्हॉल्ववर फिरवा, तिचं टोक पाण्यात उपड्या धरलेल्या मोजपात्राखाली न्या आणि सुटणारी हवा गोळा करा. नळी काढून बाटली पुन्हा तोला. माझ्या वहीत एका फेब्रुवारीतली नोंद आहे : आधी ६८.४२ ग्रॅम, नंतर ६५.२९, गोळा झालेली हवा २.९५ लिटर. म्हणजे लिटरला १.०६. अपेक्षेपेक्षा थोडा कमी, कारण पाण्यातून बुडबुडत येताना हवा वाफ घेते आणि तिचं आकारमान तीन-चार टक्क्यांनी फुगतं. ही दुरुस्ती मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. माझ्या वर्गाला दोन तास लागले होते.

दाबून भरलेली हवा तोलायची ही रीत गॅलिलिओची. त्याने काचेच्या कुपीत पिचकारीने हवा ठासून भरली आणि वाढलेलं वजन वाळूच्या कणांनी तोललं. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात तो सांगतो की पाणी हवेच्या चारशे पट जड आहे. खरा आकडा आठशेच्या जवळ आहे. उत्तर निम्म्यावर राहिलं, पण रीत आजही आपल्या बाटलीत चालते.

दुसरी रीत मला जास्त आवडते, पण तिला ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. असा काटा शाळेत नसला तरी इंदुरात तो शोधायला लांब जायला नको. सराफ्यात रात्री खाण्याची दुकानं लागायच्या आधी, दिवसा जी दुकानं उघडी असतात, तिथे सोनं तोलायचा काटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो. एका दुकानदारांनी मला आणि चार मुलींना दुपारच्या रिकाम्या वेळी अर्धा तास तो वापरू दिला. आम्ही ६० मिलिलिटरची प्लास्टिकची सिरिंज नेली होती. दट्ट्याच्या दांड्याला अशा ठिकाणी भोक पाडलेलं, की दट्ट्या ५० च्या खुणेवर आला की भोकातून खिळा घालून तो तिथेच अडकवता यावा. दट्ट्या पूर्ण आत ढकलायचा, टोकाला रबरी टोपी लावायची आणि मग ओढायचा. आत काहीच नाही, म्हणून जोर पाच-सहा किलोचा लागतो. मुलींनी दोघींनी मिळून ओढला. खिळा घातला. निर्वात सिरिंज भरली ३१.२०४ ग्रॅम. टोपी काढून हवा आत येऊ दिली, टोपी परत लावली, ३१.२५९. मग कार्बन डायऑक्साइड भरला, ३१.२८७. बाहेरचं आकारमान तिन्ही वेळा तेच, म्हणून प्लावक बलाचा प्रश्नच उरत नाही. ५० मिलिलिटर हवा ०.०५५ ग्रॅम, तेवढाच कार्बन डायऑक्साइड ०.०८३. गुणोत्तर १.५१. दुकानदार पेटीवर वाकून बघत होते. चाळीस वर्षं धंद्यात असून काट्यावर हवा पहिल्यांदाच बघितली, असं ते म्हणाले.

गळतीची परीक्षा सोपी आहे. निर्वात सिरिंजचा खिळा काढा. दट्ट्या झपकन शून्याजवळ गेला तर टोपी घट्ट आहे. मध्येच अडकला तर तेवढी हवा आत शिरली होती असं समजा आणि पुन्हा करा.

तुमच्याकडे ०.०१ चाच काटा आहे, तेव्हा कार्बन डायऑक्साइडसाठी पिशवीच वापरा. जी गोष्ट फुग्यात आडवी आली, तीच इथे कामाला येते. १ लिटरची झिपची पिशवी हवेने सैल भरली की तिचं वाढलेलं वजन शून्यासारखं, हे मुलांनी पाहिलेलं आहे. त्याच पिशवीत कार्बन डायऑक्साइड भरला, तर काटा जे जास्तीचं दाखवेल तो हवेशी असलेला फरक. माझा ०.५२ ग्रॅम आला होता. त्यात सारलेल्या एका लिटर हवेचे १.१० मिळवा, १.६२ ग्रॅम. असायला हवा १.६८. थोडी हवा मिसळली, थोडी वाफ होती.

गॅस करायला ७ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि दीडशे मिलिलिटर व्हिनेगर पुरतं. बाटली छोटी घ्या, झाकणातून नळी काढा, नळीत कापसाचा सैल बोळा ठेवा, नाहीतर फेसाचे तुषार पिशवीत जातात. पाण्याचा एक थेंब म्हणजे ०.०५ ग्रॅम, तेवढ्याने दहावा हिस्सा बिघडतो. सुरुवातीचा गॅस सोडून द्या, त्यात बाटलीतली हवाच जास्त असते. नळीचं तोंड कधीही बंद करू नका.

गुणोत्तर फळ्यावर मोठं लिहा. कार्बन डायऑक्साइडचं रेणुवस्तुमान ४४, हवेचं सरासरी २९, भागाकार १.५२. सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते, हे अॅव्होगॅड्रोने १८११ साली मांडलं. घनता इंदुरात एक आणि मुंबईत दुसरी येईल, मेमध्ये एक आणि जानेवारीत दुसरी. गुणोत्तर मात्र सगळीकडे तेच. म्हणून वर्गात एकट्या घनतेपेक्षा दोन वायूंची तुलना करा, आणि दोन्ही मापं एकाच दुपारी घ्या.

तुमच्या पत्रात "मनाला लागून राहिलं" असं आहे, म्हणून एक गोष्ट सांगते. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने वायूंची घनता मोजण्यात वर्षानुवर्षं घालवली. काचेचा मोठा गोळा निर्वात करून तोलायचा, मग वायू भरून तोलायचा. हवेच्या प्लावक बलाचा उपद्रव नको म्हणून फ्रान्सच्या रेन्योने तराजूच्या दुसऱ्या बाजूला तितकाच मोठा दुसरा गोळा टांगायची युक्ती काढली होती. १८८८ साली रॅलेच्या लक्षात आलं की निर्वात केल्यावर काचेचा गोळा बाहेरच्या दाबाने किंचित आकसतो, मग त्याचं आकारमान आधीइतकं राहत नाही. तुमच्या फुग्याचीच ही भानगड, फक्त फार सूक्ष्म मापात. ती सुधारून त्याने नायट्रोजन मोजला, तर हवेतून काढलेला लिटरला १.२५७ ग्रॅम आणि रसायनांपासून बनवलेला १.२५१. फरक अर्ध्या टक्क्याचा. काटा बिघडलाय असं त्यालाही म्हणता आलं असतं. त्याने १८९२ मध्ये 'नेचर' साप्ताहिकाला पत्र लिहून आपण कोड्यात पडलो आहोत असं कबूल केलं आणि वाचकांनाच कारण सुचवायची विनंती केली. दोन वर्षांनी त्याने आणि विल्यम रॅमझेने हवेतल्या नायट्रोजनमध्ये लपलेला आर्गॉन जाहीर केला. हवेचा जवळजवळ एक टक्का भाग, तोवर कुणालाच माहीत नव्हता. तुमचं पत्र वाचताना मला त्याच्या पत्राची आठवण झाली.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड असतो, मग खोलीत तो खाली का बसत नाही? आणि एलपीजी खाली बसतो असं आई का सांगते?
– एक विद्यार्थी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : बाळ, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खोलीच्या तापमानाला हवेचे रेणू सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास वेगाने धावतात आणि सतत एकमेकांवर आदळतात. ऑक्सिजनला खाली ओढणारा वजनाचा फरक या धावपळीपुढे तीन मीटर उंचीच्या खोलीत काहीच नाही. लिंबाच्या सरबतात साखर एकदा विरघळली की पुन्हा तळाशी बसत नाही, तसंच हे. जमिनीपासून ऐंशी किलोमीटर वर गेलास तरी ऑक्सिजन आणि नायट्रोजनचं प्रमाण जवळजवळ हेच सापडेल.

पण साखर टाकल्या टाकल्या आधी तळाशीच जाते ना? एलपीजीमधला प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्युटेन दुप्पट जड. गळती होते तेव्हा तो लोटाने बाहेर पडतो आणि मिसळायच्या आधी फरशीवरून पसरतो, ओट्याखाली, मोरीत साठतो. आईचं ऐक. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस, खिडकीबरोबर दारही उघड, म्हणजे खालून वाट मिळेल. आपल्याकडे देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून जो सीएनजी बनवतात तो मुख्यतः मिथेन, हवेच्या जेमतेम ०.५५ पट. तो वर जातो. म्हणून एलपीजीचा गळतीसूचक जमिनीजवळ लावतात आणि पाइपच्या गॅसचा छताजवळ.

मी कॉलेजात होते तेव्हा, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, इथून १९० किलोमीटरवर भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. त्याचं रेणुवस्तुमान ५७, हवेच्या दुप्पट. थंड रात्र होती आणि तो जमिनीलगत वस्त्यांमधून सरकत गेला. त्यानंतर मी बाष्पघनतेचा, म्हणजे कुठला वायू हवेच्या किती पट जड याचा, धडा कधीही घाईने उरकला नाही.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला राजवाड्याजवळून वर जाणारे फुगे आणले. त्यातल्या गॅसची घनता घरी मोजता येईल का? तो हेलियम आहे की हायड्रोजन, हे त्यावरून कळेल का?
– एक वडील, रामबाग, इंदूर

उत्तर : मोजता येईल. तो कोणता आहे हे मात्र कळणार नाही, आणि ते का हे समजून घ्या. फुग्याच्या दोऱ्याला कागदाच्या टाचण्या एकेक करून अडकवा, तो ना वर ना खाली असा तरंगेपर्यंत. टाचण्या, दोरा आणि नंतर रिकामा झालेला फुगा यांचं वजन म्हणजे त्याची एकूण उचल. तिला आकारमानाने भागा आणि आलेला आकडा हवेच्या १.१० मधून वजा करा, घनता मिळाली.

आता बघा. इंदुरात २७ अंशांना हायड्रोजनची घनता लिटरला ०.०८ आणि हेलियमची ०.१५ ग्रॅम. एक दुसऱ्याच्या दुप्पट. पण उचल म्हणजे हवेशी फरक : हायड्रोजनची १.०३, हेलियमची ०.९५. अंतर सात-आठ टक्क्यांचं. घरच्या फुग्याचा व्यास अर्ध्या सेंटिमीटरने चुकला की ते पुसलं जातं. वरच्या पत्रातला ३ लिटरचा, २.८४ ग्रॅमचा फुगा हेलियमने भरला तर इथे तो जेमतेम तरंगेल, म्हणून फुगे मोठे फुगवतात.

रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या फुग्यांत बरेचदा हायड्रोजनच असतो, कारण तो कॉस्टिक सोडा आणि अॅल्युमिनियमपासून स्वस्तात बनतो. तो पेट घेतो, आणि फुग्यांचा गुच्छ एकदम पेटला तर चेहरा आणि हात भाजतात. म्हणून फुग्यात हायड्रोजनच आहे असं धरून चाला. केकवरच्या मेणबत्त्या लावायच्या आधी ते फुगे गच्चीवर नेऊन बांधा, खोलीच्या छताला सोडू नका. टाचण्यांचा प्रयोगही गच्चीवरच करा, पहाटे, वारा नसताना.